हिवाळ्यातल्या धुक्यात लहान विमान कोसळलं तर : सड्यावरच्या आणि खाडीकाठच्या गावांनी काय करायचं

कोकणात बर्फ पडत नाही, तरी लहान विमानाला कोकणातला हिवाळा सोपा जात नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत आकाश निरभ्र असतं, रात्री वारा पडतो, जमीन भराभर गार होते आणि खाडीवरच्या दमट हवेचं पहाटे धुकं होतं. आंब्याच्या मोहोरावर बसणारं हे धुकं बागायतदाराला जितकं नकोसं, तितकंच उतरू पाहणाऱ्या वैमानिकालाही.

रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झालं. पेडण्यातल्या मोपाहून जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. हे तिन्ही विमानतळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर आहेत. कुंपणाबाहेर पडलं की लगेच वाड्या, काजूच्या बागा, चिरेखाणी आणि खाली उतरत गेलेल्या घळी. विमानतळाचा अग्निशमन बंब धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला ३ मिनिटांत पोहोचला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. पण तो धावपट्टीपुरता. विमान कुंपणाबाहेर एखाद्या घळीत पडलं तर बंबाला रस्ता लागतो, आणि पाणंदीतून बंब जात नाही. तिथे सगळ्यांत आधी पोहोचणार ती वाडीतली माणसं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

विमान धुक्यात पडतं ते का आणि कुठे

हे आधी समजून घ्यायला हवं, कारण शोध कुठे घ्यायचा आणि नंतर कोणत्या गोष्टी टिपून ठेवायच्या, दोन्ही यावर ठरतं.

पहाटेचं धुकं पुष्कळदा उथळ असतं, जमिनीपासून फार तर दोन-तीन माड उंच. वरून जाणाऱ्या वैमानिकाला त्यातून धावपट्टी चक्क दिसते, कारण तो सरळ खाली बघत असतो आणि मधला थर पातळ असतो. विहिरीच्या काठावरून तळ दिसतो, पण डुबकी मारून आडवं पाहिलं तर समोरची भिंतही दिसत नाही, तसंच हे. उतरणीला लागल्यावर वैमानिकाची नजर तिरकी होत जाते आणि तिला धुक्याचा अख्खा थर आडवा भेदावा लागतो. चाकं टेकायला काही सेकंद उरलेले असताना, नेमकी उंचीचा अंदाज लागतो तेव्हाच, धावपट्टी नाहीशी होते. अशा वेळी इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जाणं हाच योग्य मार्ग. पण "आत्ता तर दिसत होती" या भरवशावर जो आणखी थोडा खाली येतो, तो धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला लागतो, नाहीतर धावपट्टीवर वाकडा टेकून बाजूला घसरतो.

सूर्य वर आला की धुकं लगेच विरतं, असंही नाही. ऊन पडल्यावर हवा हलू लागते आणि खाडीच्या खोऱ्यात साठलेलं धुकं काही वेळ सड्यावर चढतं. सात वाजता मोकळा असलेला सडा साडेसातला गुडुप झालेला तुम्ही पाहिला असेल. निघताना "हवा स्वच्छ आहे" असा निरोप मिळालेल्या वैमानिकाची गाठ पोहोचताना अशा धुक्याशी पडू शकते.

दुसरं कारण लोकांना सहसा पटत नाही. विमानाच्या इंजिनात बर्फ होतो, तोही हवा १५ ते २० अंशांची असताना. प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक जुन्या लहान विमानांत कार्बुरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग असतो. त्यात पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तापमान २० अंशांनी किंवा त्याहूनही जास्त उतरू शकतं. हवा दमट असेल तर तिच्यातलं पाणी तिथेच गोठतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उतरताना इंजिन मंद ठेवलेलं असतं, म्हणून धोका तेव्हाच जास्त. यावर उपाय असतो. कार्बुरेटरला गरम हवा देणारी एक मूठ वैमानिकासमोरच असते आणि ती वेळेवर ओढावी लागते. इंधन थेट फवारणाऱ्या नव्या इंजिनांना आणि टर्बाइनच्या विमानांना हा त्रास नाही. पण कोकणातली दमट, गार सकाळ कार्बुरेटरच्या इंजिनासाठी अगदी धोक्याची असते.

आता कुठे शोधायचं ते. उतरताना पडलेलं विमान बहुतेकदा धावपट्टीची रेघ पुढे-मागे वाढवली तर त्या रेघेच्या आसपास सापडतं. चिपीची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. आपल्या गावावरून विमानं रोज कोणत्या रेषेत उतरतात, हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. ती रेषा गावाच्या नकाशावर एकदा आखून ग्रामपंचायतीत लावून ठेवा. लहान विमानं हिवाळ्याच्या सकाळी एका टोकाने आणि दुपारी दुसऱ्या टोकाने उतरताना दिसू शकतात, कारण सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि दुपारी खारा वारा समुद्राकडून, आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं.

आवाज आला : पहिली पाच मिनिटं

इंजिनाचा आवाज एकदम वाढला आणि दूर जात विरला, तर वैमानिक बहुधा पुन्हा वर गेला आहे. ही नेहमीची गोष्ट, घाबरू नका. आवाज अडखळला, थांबला, किंवा मोठ्या धडाक्यानंतर शांतता पसरली, तर फोन लावा. खात्री नसली तरी लावा. "विमान पडल्यासारखा आवाज आला, अजून दिसलं नाही" एवढं सांगितलं तरी विमानतळाशी ताडून बघता येतं.

पहिला फोन ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. विमान समुद्रात किंवा खाडीच्या मुखाशी गेलं असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. चौघांनी मिळून एकाच नंबरवर फोन करण्यापेक्षा हे नंबर वाटून घ्या. बोलताना असं सांगा :

"विमानतळाच्या पूर्वेला, अमुक वाडीच्या वरच्या सड्यावर लहान विमान पडलंय. आग नाही, पण पेट्रोलचा वास येतोय. आत दोघं दिसतात, एक बोलतोय. धुकं दाट आहे, पन्नास पावलांपलीकडचं दिसत नाही. गाडी शाळेपर्यंत येईल, पुढे पाणंद आहे. शाळेपाशी आमचा माणूस टॉर्च घेऊन उभा राहील."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. धुक्यात रुग्णवाहिका फाट्यावर चुकली की वीस मिनिटं गेलीच. म्हणून प्रत्येक फाट्यावर एक माणूस उभा करा, आणि ती माणसं विमान बघायला सड्यावर पळणार नाहीत अशीच निवडा.

धुक्यात विमान शोधणं

धुक्यात आवाजाची दिशा फसवते. एकाला देवळापाशी आवाज पूर्वेकडून आल्यासारखा वाटतो, दुसऱ्याला पाण्याच्या टाकीपाशी दक्षिणेकडून. भांडत बसू नका. दोघांनीही आवाज ऐकला त्याच जागी परत उभं राहून हात करावा आणि त्या दोन रेषा जिथे छेदतात तिथून शोध सुरू करावा. ही युक्ती साधी आहे, पण आख्खा सडा तुडवण्याची वेळ वाचवते.

निघताना सड्याची ओळख असलेला माणूस पुढे ठेवा. गुरं नेणारा असेल तर उत्तम. चिरेखाणीची कड धुक्यात पाऊल टाकेपर्यंत दिसत नाही, तिला कठडा नसतो आणि भिंत सरळ कापलेली असते. मदतीला धावणाराच खाणीत पडला तर दोन अपघात झाले. हातात काठी घ्या आणि टॉर्च कमरेच्या खाली धरा. डोळ्यांच्या उंचीवर धरलेला उजेड धुक्यावर आपटून आपल्याच तोंडावर येतो. गाडीचा अप्परही याच कारणाने बंद ठेवा.

दर काही मिनिटांनी सगळ्यांनी जागीच थांबून मिनिटभर पूर्ण शांत राहायचं, मोटारसायकली बंद करून. कोणाची हाक, कण्हणं, पत्र्यावरची थाप, वाजणारा मोबाईल अशा वेळीच ऐकू येतो. पेट्रोलचा वास आणि नुकत्याच तुटलेल्या काजूच्या फांद्या याही खुणाच आहेत.

विमानाच्या शेपटीकडे बहुधा एक आपत्कालीन संदेश यंत्र असतं. धक्का बसला की ते आपोआप ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश पाठवतं आणि भारतात तो इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्राकडे जातो. त्याच्या पेटीला, वायरीला, अँटेनाला हात लावू नका. "काहीतरी लुकलुकतंय" म्हणून कोणी बंदही करू नये.

विमानतळाच्या कुंपणाच्या आत विमान पडलेलं दिसलं तर मात्र कुंपण ओलांडू नका. आत बंब वेगाने धावत असतात आणि धुक्यात त्यांना तुम्ही दिसणार नाही.

विमानापाशी : आधी थांबा, मग जा

तीसेक पावलांवर थांबा. एवढ्यावरून सगळं बघून घ्या आणि मगच पुढे व्हा. हे थांबणं फार कठीण जातं, आतून माणूस हाक मारत असेल तर अधिकच. तरीही थांबायचंच. दहा सेकंद पुरतात.

वारा कुठून येतो ते बघा. सुकं गवत चुरून हवेत सोडलं की कळतं. वारा पाठीवर घेऊन आणि चढाच्या बाजूने जवळ जा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खोलगटात साठते. विमान घळीत असेल तर घळीच्या खालच्या तोंडाने वर येणं म्हणजे त्या वाफेतून चालणं.

इंधन दोन प्रकारचं असतं आणि ते ओळखता आलं पाहिजे. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानात फिकट निळं पेट्रोल असतं. ते पहाटेच्या गारव्यातही एका ठिणगीने पेटतं. टर्बाइनच्या विमानात रॉकेलसारख्या वासाचं इंधन असतं. ३८ अंशांच्या खाली त्याचं थारोळं सहज पेटत नाही, पण गरम इंजिनावर त्याची फवार उडाली तर पेटतं. सेसना १५२ मध्ये सुमारे ९८ लिटर, सेसना १७२ च्या अलीकडच्या विमानांत सुमारे २१२ लिटर पेट्रोल मावतं, आणि त्यांचे पंख डोक्यावर असतात. पंख तुटला की पेट्रोल वरून केबिनवर आणि आत अडकलेल्या माणसांवर ठिबकतं. म्हणून आग नसली तरी ठिबकणं दिसलं की वेळ कमी आहे असं समजा.

मग काय करायचं नाही, तर विडी-सिगारेट आणि शेकोटी. शेकोटीबद्दल मुद्दाम लिहितो. थंडीच्या पहाटे दहा माणसं जमली, कोणाला हुडहुडी भरली, की चार काटक्या पेटवायला कोणालाच काही वाटत नाही. अपघाताच्या जागी शेकोटी म्हणजे घात. मोटारसायकली आणि जीप सुक्या गवतात उभ्या करू नका, सायलेन्सरने गवत पेटतं. जानेवारीत सड्यावरचं गवत वरून दहिवराने ओलं दिसलं तरी बुडाशी सुकलेलंच असतं. उघड्या कातळावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला गाड्या लावा.

पंख्याच्या पात्यांच्या आसपास जाऊ नका. इंजिन बंद असलं तरी पातं हाताने फिरवू नका. या इंजिनांना ठिणगी मॅग्नेटोवरून मिळते. त्याला बॅटरी लागत नाही, आणि पातं हललं तर इंजिन एखादा फेरा घेऊ शकतं. तेवढ्याने हात जातो.

काही लहान विमानांत, उदाहरणार्थ सिरसमध्ये, अख्ख्या विमानाची हवाई छत्री असते आणि ती रॉकेटने उडते. विमान पडलं पण छत्री उघडली नसेल तर ते रॉकेट जिवंत आहे. धोक्याची सूचना लिहिलेलं झाकण किंवा लेबल दिसलं तर त्याच्या समोर उभं राहू नका आणि तिथला पत्रा कापू नका. लढाऊ किंवा लष्करी प्रशिक्षण विमानांवर धोक्याचे लाल त्रिकोण दिसले तर आसनाखाली स्फोटक आहे असं समजून चालवा. तिथे आपण दूर राहायचं आणि नौदल किंवा हवाई दलाच्या माणसांची वाट बघायची.

विजेची तार विमानावर पडली असेल तर कोणीही शिवायचं नाही. महावितरणच्या १९१२ वर फोन करून वीज बंद झाल्याचं पक्कं कळेपर्यंत दहा मीटर दूर. आतल्यांना ओरडून सांगा, "बसून राहा, बाहेर पाय टाकू नका."

माणसं बाहेर काढणं

विमानापाशी तिघं-चौघं पुरेत. बाकीच्यांनी मागे राहून माती, पाणी, चादरी, शिडी आणायची. एकाने अग्निशामक सिलिंडर घेऊन, वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं आणि त्याने दुसरं काहीही करायचं नाही. हे सिलिंडर पेट्रोल पंपावर, शाळेत, बँकेत, मोठ्या होड्यांवर असतात. कुठे आहेत ते पावसाळा संपला की एकदा बघून ठेवा. सांडलेल्या पेट्रोलवर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरतं. वर सुकी माती किंवा वाळू टाका. आग गवतात शिरली तर वणवा विझवतात तशाच हिरव्या टाळांनी, म्हणजे पानांच्या डहाळ्यांनी झोडपायची, पण विमानापासून दूरच्या बाजूने.

आतला माणूस शुद्धीवर असेल तर आधी त्याच्याशी बोला. वैमानिकाला इंधनाची आणि विजेची कळ कुठे आहे ते माहीत असतं. ती त्याने स्वतः बंद केली तर उत्तम. तुम्ही अंदाजाने कळी फिरवू नका. त्याने सांगितल्यावरून फिरवलीच, तर कुठली आणि आधी कशी होती ते लक्षात ठेवा.

दार बाहेरच्या मुठीने उघडतं. अडकलं असेल तर दुसरं दार बघा. सेसना १७२ ला डाव्या बाजूला मागे सामानाचं छोटं दारही असतं. काही जमलं नाही तर माणसापासून लांबची खिडकी कोपऱ्यात पहारीने फोडा. ती काचेची नसते, ॲक्रिलिकची असते आणि तिचे मोठे टोकदार तुकडे होतात. फाटलेल्या ॲल्युमिनियमची धार कोयत्याएवढी चालते, म्हणून कडेवर गोणपाट टाका.

कमरेच्या पट्ट्याचं बकल अनेक विमानांत मोटारीसारखं बटण दाबून सुटत नाही, वरचं पातं उचलावं लागतं. सुटेना तर कोयत्याने नाही, छोट्या सुरीने, अंगापासून बाहेरच्या बाजूला कापा. विमान उलटं पडलं असेल तर आतला माणूस पट्ट्यावर लोंबकळत असतो. पट्टा कापायच्या आधी दोघांनी त्याचे खांदे आणि कंबर पेलून धरायची. नाहीतर तो डोक्यावर पडेल, आणि अपघातात न मोडलेली मान मदतीत मोडेल.

मोठा प्रश्न उरतो तो हा की काढायचं की थांबायचं. आग, धूर किंवा पेट्रोलची गळती असेल, किंवा श्वास नसेल, तर काढायचं, जसं जमेल तसं. काखेत हात घालून, शरीर एका रेषेत ठेवून मागे ओढत न्यायचं. यातलं काहीच नसेल तर आसनावरच राहू द्यायचं. एकाने मागून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं आणि १०८ येईपर्यंत सोडायचं नाही. पाठीच्या मणक्याला इजा झालेला माणूस घाईने ओढला तर जन्मभरासाठी पांगळा होऊ शकतो. चालत बाहेर आलेल्यालाही "बरा दिसतोय" म्हणून घरी चहाला नेऊ नका. पोटातला रक्तस्राव बाहेर दिसत नाही. त्यालाही रुग्णालयातच जायचं आहे.

रक्त, भाजणं आणि गारठा

रक्त वाहतंय तिथे स्वच्छ फडकं ठेवून जोराने दाबा आणि उचलून बघत बसू नका. भाजलेल्या जागेवर स्वच्छ गार पाणी वीस मिनिटं ओता. हळद, टूथपेस्ट, तेल काहीही नको. मग स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. प्यायला पाणी किंवा चहा देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते.

गारठ्याकडे मात्र कोकणात कोणी लक्ष देत नाही, कारण आपल्याकडची थंडी ती काय. जखमीसाठी ती पुरेशी असते. रक्त गेलेला, दहिवराने भिजलेला माणूस गार कातळावर अर्धा तास पडला की त्याचं अंग थंड होत जातं, आणि थंड शरीरात रक्त लवकर गोठत नाही. म्हणजे जखम वाहतच राहते. अंगावर चादर टाकण्याआधी अंगाखाली घोंगडी सरकवा. मणक्याची शंका असेल तर चौघांनी एकदम, अंग न वळवता थोडं उचलून सरकवायची. ओले कपडे कापून काढा. गडग्याच्या आडोशाला, वारा लागणार नाही असं ठेवा. भाजलेल्या माणसाची फक्त भाजलेली जागा गार करायची, बाकीचं अंग उबदारच राहिलं पाहिजे. आणि एकाने त्याच्याशी बोलत राहावं. नाव विचारावं, रुग्णवाहिका कुठवर आली ते सांगत राहावं.

हेलिकॉप्टर येणार असं कळलं तर मोकळ्या कातळावरची ताडपत्री, गोणपाट, सुटे पत्रे आधीच हलवा. ड्रोन कोणीही उडवू नये.

विमान खाडीत गेलं तर

हिवाळ्यात आपल्या समुद्राचं पाणी फार गार नसतं. बुडणं हाच धोका. होडी प्रवाहाच्या खालच्या बाजूने, सावकाश न्या. पाण्यावर पेट्रोलचा तवंग दिसला तर इंजिन लांबच बंद करून वल्ह्याने जवळ जा. आत पाणी भरेपर्यंत दार बाहेरच्या दाबाने उघडत नाही, खिडकी फोडावी लागते. ओहोटीला कांदळवनाच्या चिखलात उतरायचं असेल तर फळ्या टाकल्याशिवाय उतरू नका आणि कमरेला दोर बांधा. भरती किती वाजता लागणार ते फोनवरच नियंत्रण कक्षाला सांगा. ते तुमच्याइतकं नेमकं दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

जखमींना हलवल्यावर : अवशेष आणि साक्ष

जखमी रुग्णालयाकडे रवाना झाले की लोकांना वाटतं, आपलं काम संपलं. माझ्या मते गावाचं दुसरं मोठं काम इथे सुरू होतं, आणि हिवाळ्यातल्या अपघातात ते गावाशिवाय दुसरं कोणीच करू शकत नाही.

कारण साधं आहे. धुकं तासा-दोन तासांत विरतं. कार्बुरेटरमधला बर्फ इंजिनाच्या उष्णतेने काही मिनिटांत वितळून जातो. दिल्लीहून विमान अपघात अन्वेषण ब्युरोचे तपासनीस पोहोचतात तेव्हा सड्यावर लख्ख ऊन असतं आणि कार्बुरेटर कोरडा असतो. लहान विमानांत ब्लॅक बॉक्स बहुतेकदा नसतोच. मग उरतात दोन गोष्टी : अवशेष जसे पडले तसे, आणि तुम्ही जे पाहिलं-ऐकलं ते.

अवशेषांबद्दल नियम स्पष्ट आहे. माणसं बाहेर काढण्यासाठी, आग रोखण्यासाठी किंवा लोकांना असलेला धोका टाळण्यासाठी जेवढं हलवावं लागेल तेवढंच हलवायचं, बाकी काही नाही. याला कारण आहे. पंख्याची पाती कशी वाकली यावरून आदळताना इंजिनात जोर होता की नाही ते कळतं. गरम हवेची मूठ ओढलेली होती की नाही, हे तिच्या जागेवरून दिसतं. चाकं पहिल्यांदा कुठे घासली ते गवतातल्या चरावरून मोजता येतं. त्या चरावरून एक ट्रॅक्टर गेला की तो पुरावा गेला. म्हणून जाण्यायेण्याची एकच वाट ठरवा आणि तिच्या दोन्ही बाजूंना फक्की टाका. दूरवर, बागेत, विहिरीपाशी सापडलेला तुकडा उचलून विमानाजवळ आणून ठेवू नका. तिथेच दगड ठेवून खूण करा. जळलेल्या भागाजवळ वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहू नका. काही विमानांच्या सांगाड्यात कार्बनचे धागे असतात आणि जळाल्यावर त्यांची बारीक धूळ फुफ्फुसात जाते. मृतदेह असेल तर चादरीने झाका आणि पोलिस येईपर्यंत तिथेच ठेवा. आगीचा धोका असेल तरच हलवा.

आता साक्ष. ज्यांनी पाहिलं किंवा ऐकलं त्या प्रत्येकाने त्याच दिवशी, आपसात चर्चा करण्याआधी, वहीत लिहून काढावं. चर्चा झाली की दहा जणांची आठवण एकसारखी होते आणि त्यातली खरी कोणाची ते कळत नाही. लिहायचं ते असं : तुम्ही नेमके कुठे उभे होता. वेळ काय होती, अंदाजाने नाही, मोबाईलमधल्या ११२ च्या फोनच्या नोंदीवरून. किती लांबचं दिसत होतं. "दाट धुकं होतं" एवढं लिहून भागत नाही. "पाण्याची टाकी दिसत होती, पण त्यापलीकडचा देवळाचा कळस दिसत नव्हता" असं लिहिलं तर तपासनीस ते अंतर टेपने मोजू शकतात. चुलीचा धूर कुठे जात होता. गवतावर दहिवर होतं का. विमानाने आधी एखादी घिरटी घातली का. दिवे दिसले का. इंजिनाचा आवाज सलग होता, अडखळत होता, की थांबलेला होता, आणि आदळण्याआधी तो एकदम वाढला का. कार्बुरेटरच्या बर्फाची शक्यता तपासताना हीच आवाजाची आठवण कामाला येते.

फोटो काढा ते विमानापेक्षा धुक्याचे जास्त. एकाच जागी उभं राहून चारही दिशांना एकेक. मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून वेळेची आणि जागेची नोंद गळून जाते. दुकानात, देवळात, सोसायटीत सीसीटीव्ही असेल तर त्याचं चित्रण त्याच दिवशी उतरवून घ्या, काही दिवसांत त्यावर नवं चढतं. जखमींचे आणि मृतांचे फोटो मात्र कोणीही काढू नयेत आणि आलेले पुढे पाठवू नयेत. घरच्यांना ही बातमी फोनच्या पडद्यावर कळू नये, एवढं तरी आपण त्यांच्यासाठी करू शकतो.

पत्रकारांनी कारण विचारलं तर पाहिलं तेवढंच सांगा. "वैमानिकाची चूक होती" हे वाक्य गावातून बाहेर पडलं की ते त्याच्या घरापर्यंत जातं, आणि तपासात वेगळंच निघालं तरी ते परत घेता येत नाही.

विमानतळावर दर दोन वर्षांत किमान एकदा आपत्कालीन सराव करण्याची पद्धत आहे. सरपंचांनी विमानतळाच्या व्यवस्थापनाला आणि तहसीलदारांना पत्र देऊन त्या सरावात गावाच्या दहा-बारा माणसांना घेण्याची मागणी करावी. पत्रासोबत गावाचा नकाशा जोडावा : उतरण्याची रेषा, चिरेखाणी, बंब जाईल ते रस्ते, न जाईल त्या पाणंदी, विहिरी, खाडीचे धक्के.

तपासनीस जबाब घ्यायला बोलावतील तेव्हा वही बरोबर न्या आणि लिहिलं आहे तसंच वाचून दाखवा. वही ते ठेवून घेणार असतील तर पोच मागा, आणि त्याआधी पानांची झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या फायलीत लावून ठेवा.